मामांच्या होडीची शेंपडी

स्टर्नड्राइव्ह हा शब्द आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. नेरूलच्या धक्क्यावर मात्र, आमच्या धाकट्या मामांची होडी आली त्या दिवसापासून, त्या यंत्राला 'शेंपडी' हे सुटसुटीत नाव पडले आणि तेच आजवर चालत आले आहे. होडीच्या पाठीमागे, पाण्यात लोंबणारी, डावीउजवीकडे वळणारी आणि प्रसंगी वर उचलली जाणारी वस्तू शेपटीखेरीज दुसरी काय असणार? नाव ठेवणाऱ्या त्या अनामिक खारव्याच्या प्रतिभेला आम्ही मराठीचे शिक्षक म्हणून मनोमन वंदन केले आहे.

आपल्या गोव्याच्या नद्यांत साधारणतः दोन प्रकारच्या यांत्रिक होड्या दिसतात. मोठ्या ट्रॉलरांत इंजिन पोटात असते, त्याचा दांडा तळातून सरळ मागे जातो आणि दांड्याच्या टोकाला पंखा असतो. वळण्यासाठी निराळे सुकाणू लागते. लहान होड्यांच्या पाठीवर आउटबोर्ड मोटर टांगलेली असते, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतचा सारा संसार बाहेर. स्टर्नड्राइव्ह हे या दोहोंमधले अपत्य आहे. इंजिन आत, पंखा बाहेर, आणि मध्ये होडीच्या मागच्या फळीला पाडलेले एक मोठे भोक. इंजिनाचा दांडा त्या भोकातून आडवा बाहेर येतो, दातेरी चाकांच्या साहाय्याने काटकोनात खाली वळतो, पाण्याखाली पुन्हा काटकोनात वळतो आणि पंखा फिरवतो. अमेरिकेतील जिम विन या अभियंत्याची ही कल्पना 'व्होल्वो पेंटा' या स्वीडिश कारखान्याने 1959 साली 'अ‍ॅक्वामॅटिक' या नावाने प्रथम बाजारात आणून यशस्वी केली. वाळूच्या किनाऱ्यावर पंखा वर उचलता येतो, वेगळे सुकाणू नको, आणि इंजिन मोटारीसारखे मोठे बसवता येते. असे तिहेरी सुख. सुखाची किंमत अर्थातच त्या भोकाजवळ मोजावी लागते.

मामांनी ही होडी तीन वर्षांपूर्वी जुनी विकत घेतली. ऑक्टोबर ते मे या काळात पर्यटकांना आग्वादच्या भूशिराजवळ डॉल्फिन दाखवावयास न्यायचे आणि पावसाळ्यात होडी माडांच्या चुडतांनी शाकारलेल्या मांगरात ओढून ठेवायची, हा त्यांचा धंदा. मे महिन्याच्या अखेरीस ड्राइव्हमधले तेल तपासले, तेव्हा ते तेल राहिलेच नव्हते. दूध घातलेल्या चहासारखे पांढुरके झाले होते. पाणी आत शिरल्याची ही खूण. शहरातल्या एका मेस्ताने येऊन पाहिले, ओठ मुडपले आणि संबंध ड्राइव्ह बदलावा लागेल असे सांगून जी रक्कम उच्चारली, तीत मामांची दोन हंगामांची शिल्लक बुडाली असती.

त्या संध्याकाळी मामांनी आम्हांला बोलावून घेतले. "भाच्या, ही शेंपडी आतां राखची काय विकची?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. विकायची, तर होडीही गेली. कारण शेंपडीवाचून तिला कोण विचारतो? आणि होडी गेली तर आमचा मामेभाऊ, जो आमच्याच शाळेतून दहावी होऊन आय.टी.आय.मध्ये डिझेल मेकॅनिकचे शिक्षण घेत होता, तो जहाजावर नोकरीला जाणार, हे घरात ठरल्यासारखेच होते. मामींनी कुठूनसा अर्जही आणून ठेवला होता. गोव्यात जहाजावर जाणे यात विशेष ते काय, असे वाचक म्हणतील. मामांचे वडील आयुष्यभर जहाजावर होते आणि मामांनी त्यांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिले, हे ठाऊक असणाऱ्याला तो अर्ज निराळा दिसतो.

दुरुस्ती अर्धवट करून होडी पाण्यात घालणे हा तिसरा मार्ग होता. धक्क्यावरच्या काहींनी तो सुचवलाही. मांडवीच्या मुखाशी आग्वादची वाळूची दांडी आहे. पावसाळ्यात तिथे लाटा अशा उसळतात, की मुखातून जा-ये बंद पडते. आणि हंगामाच्या सुरुवातीसही ओहोटी व वारा परस्परांविरुद्ध असले, की तेथील पाणी विश्वासाचे राहत नाही. तशा ठिकाणी होडीत परक्या गावची लेकरेबाळे बसलेली असताना ड्राइव्हमधली चाके अडकली तर होडी आडवी पडते. आडव्या होडीला लाट काय करते हे कोणत्याही पागियाला विचारावे. मामांनी तो मार्ग ऐकून घेतला आणि पानाची पिंक टाकून उठले.

मग आम्ही, मामेभाऊ आणि मामा अशा त्रिवर्गाने ते काम अंगावर घेतले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. इंजिनाशी आमचा परिचय स्कूटरला लाथ मारण्यापुरता. परंतु मूळ इंग्रजी हस्तपुस्तिका वाचून तिचा अर्थ लावणे हे कुणीतरी करावयाचे होते, आणि क्लिष्ट गद्याचा अर्थ लावणे हा तर आमचा पिढीजात व्यवसाय. 'खालील बोल्ट सैल करण्यापूर्वी वरील काढू नये' अशा वाक्यात किती प्राण दडलेले असतात, हे व्याकरणाच्या तासाला आम्ही आता अधिक तळमळीने सांगू शकतो.

पहिले काम तेल काढण्याचे. सर्वांत खालचा स्क्रू काढला, की आधी पाणी येते, कारण ते तेलाहून जड. मग ढवळलेले मिश्रण, मग तेल. स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असते. त्यावर करड्या काजळीसारखा लेप असला तर ती नित्याची झीज समजावी. धातूचे कपचे निघाले तर दातेरी चाके गेली. आम्ही तो स्क्रू फडक्यावर पुसला तेव्हा मामा मांगराच्या दारात पाठ करून उभे होते. नुसता लेप निघाला. मेस्ताचे भाकीत तिथेच निम्मे खोटे ठरले.

आता पाणी शिरले कोठून? वैद्याने रोग्याला विचारावे तसे यंत्राला विचारण्याची एक पद्धत आहे. तेलाच्या भोकातून हातपंपाने बेताने हवा भरायची आणि जोडांवर साबणाचे पाणी फासायचे. जेथे बुडबुडे येतील तेथे छिद्र. बुडबुडे आले ते पंख्याच्या दांड्यापाशी. पंखा काढून पाहतो, तो मागे तंगुसाची वेटोळी आवळून बसलेली! मासे गरवणाऱ्या कुणाची तुटकी दोरी पंख्याने ओढून घेतली होती. तिने फिरता फिरता रबरी सील कापली आणि त्या बारीक चिरेतून खाडी आत आली. हातभर तंगुसाने एका कुटुंबाचा हंगाम धोक्यात आणावा, यावर एखादे सुभाषित रचता येईल. परंतु मामेभावाने ते तंगूस कापून विस्तवात टाकले आणि नवी सील आणण्यास बाहेर पडला.

खरी चिंता पुढेच होती. ड्राइव्ह वळतो, उचलला जातो, म्हणून इंजिनाचा दांडा त्या मोठ्या भोकातून येताना दुहेरी सांध्यातून वाकत येतो. आणि त्या सांध्याभोवती रबराचा घडीदार नळा असतो, लोहाराच्या भात्यासारखा. त्याला बेलोज म्हणतात. होडीचे पोट आणि समुद्र यांच्यामध्ये एवढेच रबर. ड्राइव्हची तेलसील गेली तर यंत्र बिघडते. हा भाता फाटला तर प्रथम सांधे आणि बेअरिंग गंजतात आणि दुर्लक्ष झाले तर होडी बुडते. आमचा ड्राइव्ह सहा नटांवर धरलेला होता. हस्तपुस्तिकेप्रमाणे गियर पुढे टाकून, ओंडक्यांचा आधार देऊन, नट काढून तो आम्ही मागे सरकवला. भात्याच्या घड्यांत बोट फिरवले तेव्हा तळच्या घडीत नखभर लांबीची चीर लागली. आतले बेअरिंग हाताने फिरवले, तर जात्यात खडा सापडावा तसे कुरकुरले.

मामांच्या आधीचा मालक होडी मांगरात ठेवताना ड्राइव्ह महिनोन् महिने वर उचलून ठेवीत असे. त्या स्थितीत भात्याच्या घड्या एका बाजूला ताणलेल्या आणि दुसऱ्या बाजूला चुरगळलेल्या राहतात, आणि रबर त्याच घडीत म्हातारे होते. जमिनीवर ठेवताना शेंपडी खालीच सोडावी. पाण्यात मात्र खाली सोडून ठेवली, की तिच्यावर बार्नकलची टोकदार कवचे चढतात. दोन्ही बाजूंनी अडचण. ज्याच्या घरी वृद्ध सासू आणि नवी सून आहे त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

बेअरिंग बदलणे अवघड नाही, परंतु बदलल्यावर इंजिनाचा दांडा आणि ड्राइव्हचा दांडा एका सरळ रेषेत आहेत की नाहीत हे पाहावेच लागते. त्यासाठी नेमक्या जाडीचा एक लांब गुळगुळीत गज मिळतो. तो बाहेरून बेअरिंगमधून घालायचा आणि इंजिनाच्या जोडापर्यंत न्यायचा. दोन बोटांच्या जोराने तो आत सरकला पाहिजे. अडखळला, तर इंजिनाचे पुढचे पाय वर किंवा खाली करायचे. मांडवीकाठच्या एका कारखान्याने तो गज एका दिवसाच्या बोलीवर दिला. टोकाला ग्रीस फासून गज घातला, बाहेर काढला, ग्रीस कोणत्या बाजूला पुसले गेले ते पाहिले, पाय पाव आटा फिरवला, पुन्हा गज. बाहेर आषाढाची झड, मांगरात एक दिवा, आणि दुपारपासून रात्री नऊपर्यंत हेच. एकविसाव्या वेळी की बाविसाव्या, गज लोण्यात सुरी जावी तसा गेला. मामेभावाने तो बाहेर काढला आणि काही न बोलता पुन्हा एकदा घातला, केवळ ते सुख दुसऱ्यांदा घेण्यासाठी. आम्ही दहा-बारा वर्षे शिकवीत आहोत. इतक्या एकाग्रतेने कोणत्या विद्यार्थ्याने आमच्या तासाला काही केल्याचे आम्हांस स्मरत नाही.

थंड पाण्याच्या पंपातले रबरी चक्र, ज्याला इंपेलर म्हणतात, तेही बदलले. त्याचे एक पाते तुटलेले होते. असे तुटलेले पाते नळीत कुठेतरी अडकून बसते आणि पुढे पाण्याची वाट बंद करते, म्हणून ते सापडेपर्यंत शोधावे. ते कोपऱ्यावरच्या वळणात सापडले.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. ड्राइव्ह अ‍ॅल्युमिनियमचा, पंखा पोलादाचा आणि भोवती खारे पाणी. म्हणजे तुमच्या पुस्तकातला विद्युत्‌घटच. त्यात अ‍ॅल्युमिनियम विरघळू लागते. ते वाचावे म्हणून त्याला जस्ताचा ठोकळा जोडतात. जस्त स्वतः झिजते आणि ड्राइव्हला राखते. ही युक्ती सर हंफ्री डेव्ही यांनी 1824 साली ब्रिटिश आरमाराला सुचवली. त्या काळी लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकीत. डेव्हींनी त्यांना लोखंडाचे वा जस्ताचे तुकडे जोडले आणि तांब्याची झीज खरोखर थांबली. परंतु थोड्याच काळात त्या तळांवर शेवाळ आणि कवचे दाट चढून जहाजे मंदावली! विरघळणारे तांबेच त्या जीवांना दूर ठेवीत होते. आरमाराने ती योजना सोडून दिली. आजही तळाला लावण्याच्या पुष्कळ रंगांत तांबे असते, आणि तसला रंग अ‍ॅल्युमिनियमच्या ड्राइव्हला फासणे म्हणजे रोग्याला विष देणे होय.

आमच्या खाडीची तऱ्हा आणखी वेगळी. पावसाळ्यात धक्क्याजवळचे पाणी जवळजवळ गोडे होते. वैशाखात ते मिठागराला शोभेल असे खारट. गोड्या पाण्यात जस्तावर साय धरल्यासारखा थर बसतो आणि ते काम करीनासे होते. तेव्हा आम्ही जस्ताऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या खास मिश्रधातूचे ठोकळे बसवले. ते दोन्ही पाण्यांत चालतात. ठोकळा झिजलेला दिसला, की मामा हळहळत. न झिजणारा ठोकळा निरुपयोगी, हे त्यांना पटवण्यास आम्हांला दोन संध्याकाळी लागल्या. त्याला रंग मात्र कधी लावू नये, आणि खालची जागा घासून उघडी करून मगच तो कसावा.

शेवटी तेल. हे वरून ओतावयाचे नाही. खालच्या भोकातून पंपाने चढवीत न्यायचे, म्हणजे आतली हवा वरच्या भोकाने निघून जाते. वरून तेल वाहू लागले, की आधी वरचा स्क्रू बंद करावा, मग खालचा. साऱ्या सुट्या भागांचा खर्च मेस्ताच्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आला.

चतुर्थीनंतर होडी पाण्यात उतरवली. पहिल्या दिवशी खाडीतच, दोरी धक्क्याला बांधून. दुसऱ्या दिवशी मांडवीत. वाळूच्या दांडीकडे मामांनी नाळ वळवली नाही. दहा तास चालल्यावर आम्ही खालचा स्क्रू किंचित सैल करून चमचाभर तेल पांढऱ्या बशीत घेतले. ते मधासारखे स्वच्छ होते. मामींनी ती बशी पुढे स्वयंपाकघरात परत घेतली नाही, हा निराळा हिशेब. ऑक्टोबरात मामा आग्वादपर्यंत जाऊन आले, प्रथम एकटेच, दोन वल्ही आणि जादा नांगर बरोबर घेऊन; मग मुलाला घेऊन; मग पर्यटकांना.

जहाजाचा तो अर्ज अजून मामींच्या देव्हाऱ्यामागे आहे. भरलेला नाही, फाडलेलाही नाही. शेंपडी वर उचलणाऱ्या पंपातून तेल थेंबथेंब गळते, ते काम नाताळच्या सुट्टीत काढावयाचे ठरले आहे. पुस्तिकेतील त्याचे प्रकरण आम्ही मामेभावाकडे वाचावयास दिले आहे.