बेलपाड्याच्या खाडीकाठचे शिंपले

मुंबईहून पनवेलकडे निघालेला प्रवासी बेलापूर ओलांडतो तेव्हा त्याच्या डाव्या हातास खारघरचा डोंगर असतो आणि उजव्या हातास पनवेलची खाडी. या दोहोंच्या मधील पट्टीत बेलपाडा हे गाव आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या नवी मुंबई मेट्रोच्या एका स्थानकास या गावाचेच नाव मिळाले आहे. या परिसरात डोंगरातून उतरणारे ओढे खाडीस मिळतात. ओहोटी लागली की अशा ओढ्यांच्या मुखाशी, काळ्या चिखलात, पांढरे शिंपले उघडे पडतात. पाहणाऱ्यास वाटते, हे समुद्री जीवांचे प्राचीन अवशेषच, म्हणजे जीवाश्म असावेत.

ही समजूत तपासून घ्यावी लागते. खारघरचा डोंगर अग्निजन्य आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर साचले आणि त्यांतून हा काळा पाषाण घडला. तप्त रसाच्या थरात शिंपला टिकत नाही. थरांच्या मधल्या काळात तळी निर्माण होत. त्यांच्या गाळात मात्र जीवांचे ठसे राहिले. मुंबईत वरळीच्या टेकडीत सापडलेल्या इवल्याशा बेडकांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले. ते बेडूक गोड्या पाण्यातील होते, समुद्रातील नव्हेत.

मग ओढ्यात दिसणारे पांढरे काय असते? त्याचे तीन प्रकार संभवतात. पहिला, काळ्या दगडाच्या पोकळ्यांत भरलेले पांढरे स्फटिक. ते शिंपल्यासारखे भासतात, पण त्यांवर वाढीच्या रेषा नसतात. दुसरा, खाडीतील तिसऱ्या, कालवे आणि शंख यांची अलीकडची किंवा काही हजार वर्षांपूर्वीची कवचे. ती हलकी असतात, आतून पोकळ असतात, कधी मूळचा रंगही टिकून असतो. खऱ्या जीवाश्माची पोकळी बहुधा दगडाने भरलेली असते आणि तो हातास जड लागतो. तिसरा प्रकार सर्वांत फसवा, तो म्हणजे बांधकामाचा भराव. जैसलमेरजवळील हाबूर गावचा दगड सागरी जीवाश्मांनी भरलेला असतो. तशा एखाद्या फरशीचा तुकडा ओढ्यात पडला, तर जीवाश्म खरा, पण तो बेलपाड्याचा नव्हे.

म्हणूनच शोधाचे मोल वस्तूपेक्षा तिच्या नोंदीत अधिक असते. कोणत्या थरात, किती खोलीवर, कोणत्या दिवशी मिळाले, हे लिहिलेले नसेल तर उत्तम जीवाश्मही पावतीविना पडलेल्या रकमेसारखा होतो. तो कोणत्या खात्यात मांडावा हे कळत नाही. कच्छमधील चक्राकार जीवाश्मांवर विल्यम वागेन यांनी १८७३ ते १८७५ या काळात ग्रंथ लिहिला. तेथील खडकांचा कालक्रम त्यातून लावता आला, कारण कोणता नमुना कोणत्या थरातला याची नोंद होती. आज मुंबईत स्थायिक झालेल्या कित्येक कच्छी जैन कुटुंबांच्या मूळ गावांच्या परिसरात हे खडक आहेत.

याहून मोठा प्रश्न मालकीचा आहे. खाडीकाठची जमीन ओसाड दिसली तरी ती बेवारस नसते. खारजमिनींना बांध असतात, उघाड्या असतात, सातबाऱ्यावर कोणाचे तरी नाव असते. तत्त्वार्थसूत्र न दिलेले घेण्यास चोरी म्हणते. वस्तू लहान आहे की मोठी, हा भेद तेथे नाही. चोरून आणलेला माल विकत घेणे हाही अचौर्य अणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. रस्त्याकडेच्या दुकानात सुंदर जीवाश्म स्वस्तात मिळतो तेव्हा तो कोठून आला, हे विचारणे व्यापारी कुटुंबास तरी परके वाटू नये.

अहिंसेचा विचारही येथे प्रत्यक्षात उतरतो. शंख आणि शिंपले यांची गणना द्वींद्रिय जीवांत होते. चिखलातील बंद शिंपला निर्जीव दिसला तरी आत जीव असू शकतो. दोन्ही शकले घट्ट मिटलेली असतील, तर त्यास हात लावू नये. शंखात खेकडाही वस्तीस असतो.

सुटीत मुलांना घेऊन अशा ठिकाणी जावे. मालकाची परवानगी आधी घ्यावी, ओहोटीची वेळ पाहावी आणि खारफुटीत शिरू नये. सापडलेली वस्तू जागच्या जागी ठेवून, शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र काढावे. ठिकाण आणि दिनांक वहीत लिहावे. शंका उरल्यास ते छायाचित्र महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागास दाखवावे. बहुतेक वेळा उत्तर येईल की हा साधा खाडीतला शिंपला आहे. मुलाने मन लावून पाहिले असेल, तर हे उत्तर ऐकूनही तो पुढच्या ओहोटीची वेळ विचारील.