दौलताबादच्या दरवाज्यात आई

सहल काढायची म्हटले की आमच्या वस्तीत पहिला प्रश्न पैशाचा येतो, आणि तो खोटा नाही. बारामतीच्या एम.आय.डी.सी.त पाळीवर जाणारा किंवा इंदापूरकडे ऊसतोडीला राबणारा माणूस मजुरी बुडवून लेणी बघायला कसा येणार? मी कारकून, त्यात बी.कॉम., म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली. वर्षभर दरमहा थोडे थोडे पैसे जमवले, एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घेतली आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चाळीस माणसे दौलताबाद-वेरूळला निघालो.

आई मात्र येईना. "म्या जन्मभर दगडच बघितल्यात," म्हणाली. १९७२ च्या दुष्काळात, ऐन सतराव्या वर्षी, तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती आणि सुकडीवर दिवस काढले होते. नातीने हट्ट धरला तेव्हा कुठे ती गाडीत बसली.

दौलताबाद जवळ आले तसे माझ्या मुलीने बाबासाहेबांची एक हकीगत सर्वांना सांगितली. १९३४ साली चळवळीतल्या काही सहकाऱ्यांना वाटले, बाबासाहेबांबरोबर सहलीला जावे. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. सुमारे तीस जणांची मंडळी निजामाच्या मुलखातून दौलताबादला पोचली. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. किल्ल्याबाहेरच्या हौदावर काहींनी तोंड-पाय धुतले. महिना रमजानचा होता. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, यांनी हौद बाटवला म्हणून! जमाव जमला, शिवीगाळ झाली. चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. शेवटी किल्ल्यात सोडले ते आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवायला हत्यारी शिपाई बरोबर देऊन. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे.

गाडीत कोणी बोलेना. आपली माणसे हौसेने सहलीला निघाली होती आणि त्यांना किल्ला पाहावा लागला तो पहाऱ्यात!

गाडी थांबली. जी येणारच नव्हती ती आई सर्वांत आधी उतरली. दरवाज्यासमोर उभी राहून तिने बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतले, दोन घोट पाणी प्याली, पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "चला आता." तिकिटे काढून आम्ही आत गेलो. कोणी जात विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी वेरूळला गेलो. तिथल्या ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्धांची. दहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहात बुद्धमूर्तीपुढे वंदना घेतली. बाराव्या, तीन मजली लेण्यात आई भिंतीवरून हात फिरवीत बराच वेळ उभी राहिली. "हे छिन्नीचं घाव. हात लय दुखलं आसतील रं त्यांचं," म्हणाली. लेण्यांचे राजे आणि शतके मला पाठ होती, पण त्या हातांचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

परतताना छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, मिलिंद महाविद्यालय पाहिले. ज्या मुलखात पाणी नाकारले, तिथेच बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय उभे केले. अपमानाचे उत्तर कसे द्यावे हे मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

घरी येऊन वही मिटवली. खर्च पैशापर्यंत जुळला. मिळकत कोणत्या खात्यात लिहावी ते मात्र बी.कॉम.ला शिकवले नव्हते.

बंधू-भगिनींनो, लांब जमत नसेल तर कार्ले, भाजे, जुन्नर आपल्याच जिल्ह्यात आहेत. भिशीसारखे पैसे साठवा आणि जा. आपल्याला आज बिनपहाऱ्याने फिरता येते, त्याची किंमत आधीच्यांनी मोजली आहे. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मागे ठेवू नका. कोणता दगड कसा फुटतो, ते त्यांनाच ठाऊक आहे.

जय भीम!