उभी स्क्रीन, आडवी स्क्रीन

कल्याण-शीळ रस्ता, जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि महापेचा रस्ता शीळफाट्याला एकत्र येतात. डोंबिवलीहून महापेला कामाला जाताना इथल्या कोंडीत शेजारच्या ट्रकच्या केबिनमध्ये नजर जाते. डॅशबोर्डवर कुणाचा फोन आडवा, कुणाचा उभा. स्टँड जसा बसला तसा. मी मोबाइल अ‍ॅप बनवतो, त्यामुळे मला हे महत्त्वाचं वाटतं.

अ‍ॅपला उभ्या स्क्रीनवर बांधून ठेवणं अगदी सोपं. अँड्रॉइडच्या मॅनिफेस्टमध्ये त्या स्क्रीनसमोर ‘पोर्ट्रेट’ लिहायचं, झालं. मोह का होतो तेही ठाऊक आहे. फोन फिरवला की अँड्रॉइड एरवी ती स्क्रीन मोडून पुन्हा उभारतं, आणि अर्धा भरलेला फॉर्म जपायची सोय केलेली नसेल तर तो कोरा होतो. टेस्टर बग टाकतो, रिलीज तोंडावर असतो, टीममधलं कुणीतरी म्हणतं, “लॉक कर ना!” बग दिसेनासा होतो, पण जात नाही. वापरणाऱ्याने फोनची भाषा बदलली, डार्क थीम लावली, किंवा मध्येच फोन आला आणि मेमरीसाठी सिस्टिमने मागचं अ‍ॅप बंद केलं, की फॉर्म पुन्हा कोरा. स्क्रीनचा डेटा धरून ठेवणारं व्ह्यूमॉडेल स्क्रीन फिरली तरी टिकतं, अ‍ॅपची प्रोसेस मेल्यावर टिकत नाही. म्हणून फॉर्ममधला मजकूर वेगळा साठवावाच लागतो. तो साठवला की लॉकची गरज बहुधा उरतच नाही.

काही ठिकाणी मात्र लॉक हवाच. ट्रकचालकाच्या अ‍ॅपमध्ये माल पोचल्यावर बोटाने सही घ्यायची स्क्रीन मी आडवीच ठेवतो. उभ्या फोनवर लांब नाव मावत नाही. तिथेही आडव्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवतो, कारण चालक फोन समोरच्याकडे वळवतो. पहिली रेघ उमटली की मात्र सही पूर्ण होईपर्यंत दिशा हलू द्यायची नाही.

व्हीलचेअरच्या दांड्याला ज्यांचा फोन पक्का बसवलेला असतो, त्यांना तो फिरवता येत नाही. वेब सुलभतेच्या २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये १.३.४ हा निकष याचसाठी आला: दिशा अत्यावश्यक असेल तरच बांधा. पियानोचं अ‍ॅप किंवा बँकेचा चेक ही तिथली अपवादाची उदाहरणं. आता अँड्रॉइड १६ साठी बांधलेल्या अ‍ॅपचा लॉक अरुंद बाजूही ६०० डीपी किंवा त्याहून मोठी असलेल्या स्क्रीनवर सिस्टिमच जुमानत नाही; गेम तेवढे वगळले आहेत, आणि सूट मागायची सोय तात्पुरती आहे.

ज्याला स्क्रीन उभीच हवी, तो स्वतःच्या फोनचं ऑटो-रोटेट बंद करू शकतो. तो निर्णय त्याचा आहे. या कामात नव्याने येणाऱ्यांना माझी एवढीच विनंती: लॉकची ती ओळ लिहिण्याआधी आपलाच फॉर्म अर्धा भरा, फोन आडवा करा, आणि काय उरतं ते पाहा.