ड्रायव्हर जमा

आमच्या पेढीच्या खातेवहीत एक पान ‘ड्रायव्हर जमा’ या नावाचं असायचं. दिवाळीला वहीपूजन झालं की जुन्या पानावरचे आकडे नव्या वहीत उतरायचे. ट्रिपचा हिशोब झाल्यावर ड्रायव्हर घरखर्चापुरते पैसे न्यायचा आणि उरलेले शेठकडे ठेवायचा. पोरीचं लग्न निघालं, घरावर स्लॅब टाकायचा झाला, की मागायला यायचा. पावती नाही, व्याज नाही. वहीतली नोंद आणि अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शब्द. पेढी बंद केली तेव्हा त्या पानावर तेरा जणांचे मिळून ११ लाख ४० हजार रुपये होते आणि बँकेत त्यातला एकही रुपया नव्हता. ते पैसे मी खर्चून टाकले होते.

मुक्ताईनगरात कुणी विचारलं तर मी सांगायचो, डिझेलनं खाल्लं, हप्त्यांनी खाल्लं, उरलंसुरलं लॉकडाऊननं नेलं. लोक मान हलवायचे, कारण प्रत्येकाच्या ओळखीचा एखादा मोटारमालक तसाच बसलेला होता. त्या सांगण्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्यात मी कुठेच नव्हतो.

धंदा आजोबांचा. गावाचं नाव एदलाबाद होतं तेव्हा ते बैलगाड्यांतून कापूस बोदवड स्टेशनला पोचवायचे. मग एक जुना ट्रक घेतला. त्याच्या दारावर ‘एदलाबाद, पू. खा.’ असं रंगवलेलं होतं, पू. खा. म्हणजे पूर्व खान्देश. १९६० मध्ये जिल्ह्याचं नाव जळगाव झालं तरी आजोबांनी ती अक्षरं पुसू दिली नाहीत. आमच्या गावाची जागाच गाड्यांची. सुरत-नागपूरचा सहा नंबरचा हायवे, ज्याला आता ५३ म्हणतात, दारातून जातो आणि पुरनाड फाट्यावरून बऱ्हाणपूर-इंदूरची वाट फुटते. हंगामात कापूस जिनिंगला न्यायचा, बाकी वर्षभर केळी. अण्णा आणि काकांनी सहा गाड्यांवर दोन घरं चालवली, पाच पोरांची शिक्षणं आणि लग्नं केली. सातवी गाडी त्यांनी कधी घेतली नाही. मला ती त्यांची भीती वाटायची.

केळीची गाडी भरताना ज्यांनी पाहिलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं, नाहीतर या धंद्यात ड्रायव्हर म्हणजे काय ते कळणार नाही. सकाळी लवकर बागेत कापणी लागते. घड आपटू न देता मजूर तो वाहून रस्त्यापर्यंत आणतात. गाडीच्या तळाला आणि कडांना केळीचाच पाला अंथरायचा, त्यावर घडांचा थर, पुन्हा पाला, पुन्हा थर. वरून ताडपत्री, पण हवा खेळती राहील अशी बांधायची. माल हिरवा भरायचा आणि दिल्लीच्या आझादपूर मंडीत हिरवाच उतरवायचा. मधे हजार-अकराशे किलोमीटर. वाटेत गाडी एक दिवस जास्त थांबली की घड पिवळा पडू लागतो आणि व्यापारी भाड्यातून कापतो.

आमच्याकडे रावेर तालुक्यातले एक चाचा होते, ३१ वर्षं. इंदूरच्या अलीकडचा भेरूघाट चढून झाला की ते गाडी बाजूला घेऊन ताडपत्रीखाली कोपरापर्यंत हात घालायचे आणि पाल्याला लागणाऱ्या उबेवरून सांगायचे, थांबायला वेळ आहे की नाही. ज्येष्ठात मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघाली की वारकऱ्यांच्या सामानासाठी आमची एक गाडी जायची. तिचं भाडं घेत नसू आणि ती चाचाच न्यायचे. ‘ड्रायव्हर जमा’च्या पानावर सगळ्यात मोठी रक्कम त्यांची होती.

मी पेढीवर बसायला लागलो तेव्हा माझ्याकडे कॉम्प्युटर होता आणि घाई होती. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठले. आता गाड्या लवकर फिरतील, महिन्याला एक ट्रिप जास्त होईल, असं सगळीकडे बोललं जात होतं. मी चार नव्या दहा टायरी कर्जावर उचलल्या. काकांनी एवढंच विचारलं, “परतीचं भाडं कोण देईल?” मी म्हटलं, “मिळेल हो काका, दिल्लीत काय कमी आहे?” ते पुढे काही बोलले नाहीत. मी ते गप्प बसणं होकार समजलो.

माझा कागद जातानाच्या भाड्यावर मांडलेला होता. गाडी मात्र जाऊन-येऊन २,२०० किलोमीटर धावते. लिटरला चारचं अ‍ॅव्हरेज धरलं तर ५५० लिटर डिझेल. लिटर ७० च्या घरात असताना नुसते त्याचे ३८ हजार. टोल, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता, टायरची झीज, तुटलेले पाटे, विमा, पासिंग हे वेगळं. जातानाच्या भाड्यात गाडीचं पोट भरतं. हप्ता निघतो तो परतीच्या भाड्यातून. ते हातात नसेल तर गाडी दिल्लीत दोन-तीन दिवस उभी राहते, नाहीतर दलाल सांगेल त्या भावात माल भरून येते. आमच्या जुन्या सहा गाड्यांचे हप्ते केव्हाच फिटलेले होते, म्हणून त्यांना असं येणं परवडायचं. नव्या चार गाड्यांना पहिल्या महिन्यापासून परवडलं नाही, आणि ते मला वर्षभर दिसलं नाही, कारण दिसू नये अशीच सोय मी करून ठेवली होती. अण्णा दर ट्रिपमागे काही रक्कम ‘टायर-इंजिन’ या खात्यात टाकायचे. ‘पैसा पडून राहतो’ म्हणून मी ते खातं मोडलं. सुरुवातीचे हप्ते त्यातून गेले आणि मला वाटत राहिलं की गाड्या स्वतःचे हप्ते फेडताहेत.

२०१८ च्या जुलैत केंद्र सरकारनं एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. दहा टायरीचं मालासकट एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. त्याच महिन्यात डिझेल आणि टोलवरून देशभरच्या ट्रकवाल्यांनी आठवडाभर चाकं थांबवली होती. संप मिटला आणि बाजारात नवं गणित आलं: जो माल आठ गाड्यांत जायचा तो सात गाड्यांत बसायला लागला. गाड्या तेवढ्याच होत्या, भाडं पडलं. त्या दिवाळीच्या आत दोन नव्या गाड्या विकल्या असत्या तर तोट्यात का होईना, सुटलो असतो. एका जुन्या मोटारमालकानं घरी येऊन तसं सांगितलंही. पण नव्या गाड्यांना हार घालून वर्ष झालं नव्हतं आणि गावाच्या नजरेसमोर त्या ओढून नेल्या जाताना मला बघवणार नव्हतं. मी त्यांना चहा पाजला आणि विषय बदलला.

त्याऐवजी एका मोठ्या कारखान्याचं काम घेतलं. भाडं बरं होतं, पण बिल तीन महिन्यांनी निघायचं. डिझेल रोज रोख लागतं, टायर रोख लागतो. नव्वद दिवसांची उधारी सांभाळायला गाठीला पैसा लागतो आणि माझ्याकडे तो नव्हता.

त्या महिन्यात मी ते पान उघडलं.

पहिल्यांदा ४० हजार घेतले. कुणाच्या नावावरून काढले असंही नाही. पानावरचे आकडे तसेच राहिले, फक्त त्यामागचा पैसा गेला. बिल आलं की भरून टाकू, असं स्वतःला सांगितलं. बिल आलं तेव्हा दोन हप्ते थकलेले होते. अण्णांनी तो पैसा कायम वेगळ्या बँकखात्यात ठेवला होता, अगदी पेढीला नड असतानाही. का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला तो पेढीचाच पैसा वाटला, कारण तो आमच्या वहीत होता. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा तेव्हा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूकदाराला लागू होता, त्यात कामाचे तास, रजा सगळं लिहिलेलं होतं. ते मी पेढी बंद झाल्यावर वाचलं. आमच्या माणसांना ना भविष्य निर्वाह निधी होता, ना विम्याचं छत्र. त्यांचं म्हातारपण त्या एका पानावर होतं.

२०१९ च्या उन्हाळ्यात चाचा आले. मुलीचं लग्न ठरलं होतं, दीड लाख हवे होते. मी म्हटलं, “पुढच्या आठवड्यात या.” ते पुढच्या आठवड्यात आले. मी म्हटलं, बिल अडकलंय. असं पाच वेळा झालं. ते दर वेळी ऑफिसच्या बाहेर, बाकावर बसायचे. आत या म्हटलं तरी यायचे नाहीत. पाचव्या खेपेला अण्णा बाहेर आले. त्यांना तेव्हा मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं. आवाजावरून ओळखून त्यांनी विचारलं, “काय चाचा, गाडी कुठंय?” चाचा म्हणाले, “काही नाही शेठ, सहज आलो होतो.” त्यांनी अण्णांना सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. चाचांनी व्याजानं पैसे काढून लग्न केलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दिल्लीला गेले. माझ्या हातून झालेल्या सगळ्या चुकांत हीच मला रात्री आठवते.

२०२० च्या मार्चअखेर सगळं थांबलं. ऑगस्टमध्ये देवळाली-दानापूर किसान रेल्वे सुरू झाली, जळगाव-भुसावळ-बऱ्हाणपूरला थांबू लागली, पुढे फळांच्या भाड्यात निम्मी सवलत मिळाली. शेतकऱ्याचं त्यात भलं होतं आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. आमच्या चार गाड्या तोवर फायनान्सवाल्यांनी नेल्या होत्या. त्या हिवाळ्यात मी अण्णांना आणि काकांना वही वाचून दाखवली. शेवटी ते पान. अण्णांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “गाड्या राहोत नाहीतर जावोत. अड्डा वीक.” हायवेलगतची ती जागा आजोबांची होती. मी दोन वर्षं आधी हे त्यांच्यापुढे ठेवलं असतं तर अड्डाही राहिला असता आणि त्या तेरा जणांना वाटही पाहावी लागली नसती.

जागा विकली गेली २०२२ मध्ये. बँकेचं भागवून जे उरलं त्यातून एकेकाच्या घरी जायला लागलो. चाचांकडे पहिल्यांदा गेलो. नोटा त्यांच्यासमोर ठेवल्या, वर तीन वर्षांचं व्याज ठेवलं. त्यांनी शांतपणे मोजल्या. मग विचारलं, “वही आणली नाही?”

मी आणली नव्हती.

“मग नोंद कुठे करशील भाऊ?” म्हणाले, आणि नोटा तशाच माझ्याकडे सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेलो. त्यांच्यासमोर नावापुढे रक्कम खर्ची टाकली, बाकी शून्य लिहिली, त्यांनी सही केली. चष्मा काढला नाही. बोट खाली सरकवत पानावरची बाकीची नावं एकेक करून मोठ्यानं वाचली आणि प्रत्येकापाशी थांबून माझ्याकडे पाहिलं. बाराही जणांची नावं होती.

आता एकच राहिला आहे. आमच्याकडे क्लीनर म्हणून लागला आणि पुढे ड्रायव्हर झालेला पोरगा, इंदूरकडे कुठेतरी गाडी चालवतो. त्याचा जुना नंबर लागत नाही. त्याचे ३८ हजार वेगळ्या खात्यात आहेत. बऱ्हाणपूरकडून येणारी गाडी दिसली की मी फाट्यावर थांबून ड्रायव्हरला त्याचं नाव विचारतो.