शेवाळ वाढवायचे दिवस

तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली मरीन ड्राइव्हवर उघडलं आणि मुंबईकरांना समुद्रातले मासे काचेआड पाहायची चटक लागली. घरी मात्र गप्पी आणि एंजलच. खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारा सबंध इमारतीत एखादाच, आणि शेजारीपाजारी त्याला जरा चक्रमच समजत.

त्या वेळचा टँक अजून डोळ्यांसमोर आहे. तळाला प्लास्टिकची जाळी, तिच्यावर शिंपल्यांचा नि प्रवाळाचा जाड चुरा, कोपऱ्यातल्या नळ्यांतून बुडबुडे आणि रात्रभर एअर पंपाची घरघर. हा अंडरग्रॅव्हल फिल्टर. माशांच्या घाणीतून निघालेल्या अमोनियाचं चुऱ्यातले जीवाणू नायट्राइट करायचे, त्याचं पुढे नायट्रेट. इथवर काम चोख. पण नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडणारे जीवाणू ते काम ऑक्सिजन नसेल तिथेच करतात, आणि चुऱ्यातून तर अखंड ताजं पाणी खेचलं जायचं. मग नायट्रेट साचत राहायचा. निळे डॅमसेल चिवट, ते निभावून न्यायचे. जिवंत प्रवाळाचं मात्र नावच काढायला नको.

उपाय एकच, पाणी बदला. भरती बघून कॅन भरून आणायचे. पावसाळ्यात समुद्र गढूळ आणि अळणी, म्हणून मे महिन्यातच ड्रम भरून जिन्याखाली लावायचे आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची बोलणी खायची. शेवाळ म्हणजे तर वैरीच. सजावटीची मेलेली प्रवाळं हिरवी पडली रे पडली की ब्लीचच्या बादलीत, तिथून गच्चीवर उन्हात. टँक पांढराशुभ्र दिसला म्हणजे मालक नीटनेटका!

हल्लीच्या मुलांचे टँक बघावेत. वरती प्रवाळ, आणि खाली कपाटात आणखी एक छोटा टँक, त्यात मुद्दाम जोपासलेलं शेवाळ. कीटोमॉर्फा त्याचं नाव, पण सगळे नुसतं ‘कीटो’ म्हणतात. गरीच्या दोऱ्याचा गुंता व्हावा तसा त्याचा हिरवागार गोळा असतो. वरचे दिवे मालवले की याचा दिवा लागतो, म्हणजे रात्री पाण्याचा पीएच फार घसरत नाही. कीटो नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून फुगतो. मग मूठभर उपटून बाहेर काढायचा, तेवढा नायट्रेट पाण्यातून गेला. कुणी दहा-पंधरा सेंटीमीटर बारीक वाळूचा थर देतं. त्याच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, आणि आमच्याकडे अडलेलं काम तिथे बिनबोभाट होतं. काचेला डोळा लावला तर वाळूत वायूचे बुडबुडे अडकलेले दिसतात. ही वाळू उकरायची मात्र नाही. सडक्या अंड्याचा वास सुटला तर मासे गेलेच समजा.

याला ही मुलं ‘नॅचरल’ म्हणतात. टायमर, पंप, दिवे, मोबाइलवर तापमान, आणि म्हणे नॅचरल! तरी तत्त्व खरं आहे, आणि नवं तर मुळीच नाही. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड, म्हणजे जीवाणू वसलेले प्रवाळाचे तुकडे, आणि थोडी हवा एवढ्यावर टँक चालवून दाखवला, तो लेख 1961 मध्ये एका अमेरिकन मासिकात छापून आला होता. दगडाच्या पोटातल्या छिद्रांत ऑक्सिजन नसतो. सगळी किमया तिथली. पुढे मोनॅकोत जाँ जोबेर यांनी तेच काम वाळूकडून करून घेतलं. आमच्या जिन्याखाली ड्रम रांगेने उभे असताना हे सगळं छापील होतं, फक्त आमच्या दुकानदारापर्यंत पोचलं नव्हतं.

आपल्याकडे तसे दगड समुद्रातून काढायची आता सोय नाही. 2001 पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, आणि ते योग्यच झालं. म्हणून कोरडे सच्छिद्र दगड आणायचे, त्यांत जीवाणू रुजेपर्यंत महिनोन् महिने थांबायचं. मुलं थांबतात, याचं मला कौतुक वाटतं. टेस्ट किटची बाटली कानाशी धरून खळाखळा हलवतात, थेंब मोजतात, नळी पांढऱ्या कार्डावर धरून पिवळा की नारिंगी यावर हुज्जत घालतात. आम्ही पाण्याचा वास घेऊन ठरवायचो.

कीटो सहसा कुणी विकत घेत नाही. ज्याच्याकडे वाढलाय तो पिशवी भरून देतो, वर पाणी बांधून देतो. आमच्या वेळी एकमेकांना सांगायचो ते ब्लीचचं माप.