साडेसहा एएल

मूठ मिटली की शँकचं, म्हणजे ट्रॉम्बोनमध्ये खोचायच्या दांड्याचं, टोक तेवढं बाहेर दिसतं, एवढाच माझा माउथपीस. पितळेचा, वर चांदीचा मुलामा. थंडीच्या दिवसांत वाजवायला बसण्याआधी मी त्याला पाचेक मिनिटं मुठीत धरून ठेवतो, कारण गार काठावर ओठ नीट बसत नाहीत. ट्रॉम्बोन हे केवढं लांबलचक वाद्य, पण त्याचा वादकाच्या ओठांना लागणारा भाग हा एवढाच. थरथरतात ते ओठ, आणि थरथरतात ते याच्या वाटीत. नुसता याच्यावर वाजवून पाहा, बाटलीत भुंगा अडकावा तसा आवाज येतो. ट्रॉम्बोनला लावला की तोच भुंगा भारदस्त गळ्याने बोलू लागतो.

त्याला स्वतःचा स्वरही आहे. वाटी तळहातावर हलकेच आपटली की ‘पॉक’ असा आवाज निघतो. उथळ वाटीचा ‘पॉक’ चढा, खोल वाटीचा उतरता. दोन माउथपीस शेजारी ठेवून हे करून पाहिलं तर त्यांचा स्वभाव ओठाला लावण्याआधीच कळतो. उथळ वाटी लखलखीत, टोकदार बोलते आणि वरच्या स्वरांना हात देते. खोल वाटीचा आवाज जाड, गोल, पण वर चढताना तो वादकाकडून कष्ट वसूल करतो. वाटीच्या तळाशी भोक असतं, त्यातून साधी पेन्सिलही आरपार जात नाही. सगळा श्वास तेवढ्यातून जायचा.

माझा ट्रॉम्बोन मीडियम बोअरचा. नळीचं आतलं माप ०.५०८ इंच, म्हणजे सुमारे १२.९ मिलिमीटर, किंग थ्रीबी याच मापाचा. सिंफनीत वाजतो तो मोठ्या बोअरचा, ०.५४७ इंचाचा. फरक जेमतेम एका मिलिमीटरचा, पण घरातल्या मधल्या मुलाची जी गत होते ती याची होते. थोरल्याचे कपडे ढगळ, धाकट्याचे आखूड. मोठ्या शँकचा माउथपीस याच्या तोंडात पुरता जातच नाही, बाहेरच अडतो. लहान ट्रॉम्बोनचा अगदी उथळ माउथपीस बसतो खरा, पण मग खालचे स्वर पातळ होतात आणि मीडियम बोअर घेतल्याचा उपयोग उरत नाही. याला लहान शँकच लागतो, पण वाटी मात्र जरा मोकळी हवी.

माउथपीसच्या नावातल्या आकड्यांची भाषा आधी गोंधळात टाकते. माझ्या माउथपीसवरची भाषा व्हिन्सेंट बाख यांची. ते मूळचे व्हिएन्नाजवळच्या बाडेनचे, शिक्षणाने इंजिनियर, पेशाने ट्रम्पेटवादक. १९१४ साली ते अमेरिकेला गेले. दौऱ्यावर असताना त्यांनी आपला माउथपीस एका कारागिराकडे दिला आणि त्याने तो बिघडवून ठेवला. मग बाख स्वतःच लेथवर बसले, आणि १९१८ पासून माउथपीस बनवणं हाच त्यांचा व्यवसाय झाला. त्यांच्या पद्धतीत आकडा जितका लहान तितकी वाटी रुंद. पुढचं अक्षर खोलीचं: ए म्हणजे खोल, सी म्हणजे उथळ. नव्या ट्रॉम्बोनच्या पेटीत बहुतेक वेळा १२सी येतो. साडेसहा एएल त्याहून रुंद आणि खोल, वाटीचा व्यास २५.४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक इंच. दोघांच्या रुंदीत एक मिलिमीटरचाही फरक नाही. पण ओठांना केसाएवढा बदल कळतो. तिथे एक मिलिमीटर म्हणजे गल्लीतून हमरस्त्यावर येणं.

मी तिघांना एका दुपारी समोर ठेवलं होतं: १२सी, ७सी आणि साडेसहा एएल. पहिली दहा मिनिटं तिघेही छान वाटले. नव्याचे नऊ दिवस असतात तशी नव्या माउथपीसची दहा मिनिटं असतात. खरी परीक्षा पुढे होते. अर्ध्या तासानंतर ओठ थकले तरी १२सी वरचे स्वर तसेच धरून होता, पण सातव्या पोझिशनचा, म्हणजे स्लाइड पुरती लांबवून काढायचा, खालचा ई त्याच्यात दातओठ खाऊन निघत होता. ७सी कुठेच वाईट नव्हता, आणि कुठे मनातही भरला नाही. साडेसहा एएलवर तोच ई मी अगदी हळू, जिभेचा नुसता स्पर्श करून काढला, आणि तो सतरंजी पसरावी तसा खोलीभर पसरला. वरचा बी फ्लॅट मात्र त्या दिवशी त्याने दिला नाही. तो मला चार महिन्यांनी दिला. मधल्या काळात मी रोज त्याच्यावर लांब स्वर धरत होतो.

याची जी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते ती हीच. तो खोटी स्तुती करत नाही. श्वास अपुरा असेल तर स्वर डळमळतो, दाबून धरला तर ओठावर गोल वळ उमटतो आणि आवाज बसतो. रियाज चुकवल्याचं समोरच्याला कळण्याआधी याला कळलेलं असतं.

मुंबईच्या सिनेसंगीतात ट्रॉम्बोन रुजवला तो गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मेस्त्र, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना आधी स्वर वाचायला शिकवत, वाद्य त्यानंतर हाती येई. त्या परंपरेतून आलेल्या घराण्यांपैकी एक मोन्सोराते. त्यातले ब्लास्को मोन्सोराते ट्रॉम्बोन वाजवत. एकाच गाण्यात आधी व्हायोलिनच्या मागे मऊ चालायचं आणि पुढच्या क्षणी ट्रम्पेटच्या खांद्याला खांदा लावून गर्जायचं, असं काम सिनेसंगीतात वादकाला पडे. जुनी गाणी ऐकताना माझा कान आता आपोआप त्या मऊ जागांकडे जातो. मधल्या मापाच्या वाद्याला मधला माउथपीस का शोभतो, ते मला तिथे उमगलं.

या माउथपीसबाबत एक चूक मात्र माझ्या हातून झाली. ट्रॉम्बोनला लावलेला असताना त्याच्यावर तळहात आपटून ‘पॉक’ काढला, आणि तो घट्ट रुतून बसला. मी पक्कड लावली. निघाला, पण शँकवर दातांचे ओरखडे उमटले, ते आजही बोटाला लागतात. रुतलेल्या माउथपीससाठी पुलर नावाचं साधं हत्यार असतं. दुरुस्तीवाला ते लावून दोन मिनिटांत काढून देतो, आणि नळीच्या सांध्यालाही धक्का लागत नाही.

तुम्ही माउथपीस घ्यायला जाल तेव्हा स्वतःचा ट्रॉम्बोन बरोबर न्या, दुकानातल्या ट्रॉम्बोनवर पारख करू नका. किमान अर्धा तास वाजवा, खालचा ई हळू आवाजात काढून पाहा. आणि एकदा घेतलात की वर्षभर दुसऱ्याकडे बघू नका.