सावरीखालची गुरे

कोलार मार्गावरील आमच्या वसाहतीच्या मागच्या अंगाला, कुंपणाच्या भिंतीलगत, एक काटेसावर आहे. इकडे तिला सेमल म्हणतात. वर्षातले दहा महिने तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. माघ सरता सरता तिची पाने झडतात आणि फाल्गुनात उघड्या फांद्यांवर लाल, मांसल फुले येतात. साळुंक्या, बुलबुल, कावळे आणि खारी यांची मग दिवसभर तिथे वर्दळ असते. हे फूल पाकळी-पाकळीने गळत नाही. ते जडपणे खाली येते, आणि पहाटेच्या शांततेत त्याचा धप्प असा आवाज माझ्या खोलीपर्यंत पोहोचतो.

उजाडता उजाडता मागच्या फाटकातून गुरे येतात. सात-आठ गाई, दोन कालवडी, एक गोऱ्हा, आणि त्यांच्या मागे काठी टेकत चालणारी एक वयस्क बाई. एरवी कचऱ्याच्या ढिगात तोंड घालून पॉलिथिनच्या पिशव्या ओढणारी हीच जनावरे सावरीखाली आली की निराळी दिसू लागतात. माना खाली, जिभेने फूल अलगद ओढून घ्यायचे, सावकाश चावायचे, दुसऱ्याकडे वळायचे. वरून नवे फूल पडले की एखादी कालवड कान टवकारते आणि तिकडे जाते. अर्ध्या-पाऊण तासात जमीन स्वच्छ होते.

असे दृश्य मी पूर्वीही पाहिले आहे. वडील नागपूरच्या सचिवालयात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला आली, आणि फायलींच्या पेट्यांबरोबर आमच्यासारखी कितीतरी मराठी कुटुंबेही आली. माझा जन्म त्यानंतरचा, टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमधला. आईचा गोग्रास घ्यायला दारी रोज एक गाय येत असे. पुढे मी राज्य सेवेत शिरलो. बैतूल जिल्ह्यात असताना चैत्रातल्या पहाटे मोहाच्या झाडांखाली बाया टोपल्या घेऊन बसलेल्या दिसत. मोहाची फुले रात्रीपासून टपटपत असतात. उशीर झाला तर गुरे ती खाऊन टाकतात, म्हणून अंधारातच घर सोडावे लागे. बाया आणि गुरे यांच्यातली ती शर्यत मला त्या वेळी गमतीची वाटे. त्या टोपलीवर घरातल्या मीठ-मिरचीचा खर्च चालतो, हे समजायला काही महिने लागले.

मागल्या फाल्गुनात वसाहतीच्या समितीची बैठक भरली. विषय दोन होते. मागचे फाटक कायमचे बंद करणे, हा पहिला. सावर तोडण्याची परवानगी मागणे, हा दुसरा. तक्रारी खोट्या नव्हत्या. पडलेल्या फुलांवरून एक वृद्ध गृहस्थ घसरले होते. उन्हाळ्यात बोंडे फुटली की कापूस घरोघर उडतो आणि दम्याच्या रोग्यांना त्रास होतो. शेण होते ते वेगळेच. अर्जाचा मसुदा अर्थातच माझ्याकडे आला. निवृत्त अधिकाऱ्याचा समाजाला तेवढाच उपयोग असतो. शहरी भागातील वृक्षांच्या परिरक्षणाचा 2001 चा कायदा मला ठाऊक होता, आणि परवानगी मिळण्यासाठी 'जनहित' हा शब्द कोठे घालावा हेही ठाऊक होते.

गंमत अशी की 2024 च्या जूनमध्ये हीच मंडळी वेगळ्या बाजूला होती. मंत्री आणि आमदारांच्या नव्या निवासांसाठी शिवाजी नगर आणि तुलसी नगर भागातील हजारो झाडे जाणार असे समजले, तेव्हा भोपाळकर रस्त्यावर उतरले. बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या, आणि अखेर तो प्रस्ताव मागे पडला. आमच्या वसाहतीतूनही काहीजण गेले होते. त्यांत मीही होतो. परक्या दारातली हजारो झाडे वाचवणे आम्हाला जमले, आपल्या भिंतीलगतचे एक झाड मात्र अडचणीचे वाटू लागले.

मसुदा लिहिण्यापूर्वी स्थळपाहणी करावी, ही जुनी सवय. इकडच्या कचेरीच्या भाषेत 'मौका मुआयना'. दुसऱ्या दिवशी सकाळी सावरीखाली गेलो आणि त्या बाईंना विचारले, "गुरे इथेच का आणता?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलेही नाही. "और कहाँ ले जाऊँ, साहब? ये सब चरनोई ही तो थी," एवढे म्हणून त्या गोऱ्ह्याला हाकू लागल्या.

चरनोई म्हणजे आपले गायरान. हा शब्द मी नोकरीत हजारदा लिहिला असेल. आमच्या 1959 च्या भू-राजस्व संहितेच्या कलम 237 मध्ये तो येतो. गावाच्या एकूण शेतजमिनीच्या किमान 2 टक्के जमीन चराईसाठी राखली की उरलेल्या सरकारी पडीक जमिनीचा उपयोग जिल्हाधिकारी बदलू शकतो. अशा जमिनींचे पट्टे भूमिहीनांना दिले गेले, त्याचे मला दुःख नाही. ज्यांच्याकडे वीतभर जमीन नव्हती त्यांना ती मिळाली. पण शहरालगतच्या गावांची गोष्ट निराळी होती. अशा एका गावाची फाइल माझ्या टेबलावरून गेली. 'चराईकरिता पर्यायी जमीन उपलब्ध आहे', असे मी टिपणीत लिहिले आणि सही केली. जमीन नकाशावर होतीच. प्रत्यक्षात तिथे खडक होता, हे मला पटवाऱ्याने सांगितले होते. ते गाव हे नव्हे. परंतु त्या सकाळी या खुलाशाने माझे समाधान झाले नाही.

2019 च्या पशुगणनेत आमच्या राज्यातील गोवंश सुमारे 1 कोटी 87 लाख भरला. एवढी जनावरे कोठेतरी चरणारच. आमच्या बाजूला गेहूँखेड़ा, दामखेड़ा ही खेड्यांची नावे अजून टिकून आहेत, पण त्या नावांपुढे आता सेक्टर आणि फेज लागतात. गुरे मात्र आपल्या जुन्या वाटेनेच येतात. ती आमच्या वसाहतीत शिरतात असे आम्ही म्हणतो. कोण कोणाच्या जागेत शिरले याची नोंद खसऱ्यात सापडेल. मी ती काढून पाहिली नाही. पाहण्याचा धीर झाला नाही, असे म्हणणे अधिक खरे.

मी अर्ज लिहिला नाही. त्याऐवजी समितीपुढे एक टिपणी ठेवली. फुले पडण्याचे दिवस मोजके. तेवढ्यापुरते फाटक सकाळी सहा ते आठ उघडे ठेवावे. गुरे गेल्यावर सफाई कामगाराने शेण उचलावे, राहिलेली फुले झाडावीत, आणि त्याचे जादा पैसे मी द्यावेत. कापसाच्या दिवसांत त्या बाजूच्या खिडक्यांना जाळ्या बसवाव्यात. झाडाचा विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब ठेवावा. जुन्या फाइलीविषयी मात्र मी बैठकीत चकार शब्द काढला नाही. ते इथे प्रथमच लिहीत आहे.

टिपणी थोड्या मतांनी मंजूर झाली. घसरलेल्या गृहस्थांनी विरोधी मत दिले, आणि त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. त्यांना फिरायला न्यावे म्हणून हल्ली संध्याकाळी मी त्यांच्याकडे जातो. सकाळी सहाला फाटक उघडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. निवृत्तीनंतरची ही माझी पहिलीच नेमणूक. अद्याप एकही रजा घेतलेली नाही.